बातमीच्या कागदावरचं नाव

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. नवव्या दिवशी आलं, तेही सकाळी साडेदहाला, आणि चिकलठाण्याच्या त्या गल्लीत पाणी आलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. करुणा गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी होती, खाली मोटर घरघरत होती, आणि तिचे सासरे काकासाहेब फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मोटर लावून आपलं पाणी ओढतो अशी त्यांची पक्की खात्री होती, म्हणून पाण्याच्या दिवशी त्यांचा पहारा असायचाच. पोस्टमन आला तेव्हा पत्र पडलं ते त्यांच्याच हातात.

पाकिटावर प्रणयचं अक्षर होतं. नातू चौदा आठवड्यांपूर्वी अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला गेला होता. दर रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा, पण सीमेवर लढाई पेटली आणि पोरांचे फोन कपाटात गेले. लढाई थांबून नऊ दिवस झाले होते, तरी फोन काही आला नव्हता. दोन रविवार करुणा दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसली होती.

काकासाहेबांनी चष्मा पुसला आणि तिथंच उन्हात पत्र उघडलं.

"आदरणीय आबा, साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे. फोन बंद आहेत, म्हणून ट्रेनिंगच्या उस्तादांनी सगळ्यांना पत्रं लिहायला बसवलंय. कोणाला काय लिहावं कळंना, निम्मी पोरं नुसती पेन चावतायत. पायाला फोड आले होते, ते बसले. जेवण पोटभर आहे, पण भाकरी नाही. फायरिंगमध्ये माझा नंबर चांगला आला, पप्पांना सांगा. आमच्या शेजारच्या बराकीतली मोठी बॅच परवा पहाटे ट्रकनं गेली. कुठं ते आम्हाला सांगत नाहीत. त्यांची बराक आम्हीच झाडली. एकाची साबणाची डबी राहिली होती, ती मी ठेवून घेतलीय, आला की देईन.

"आता कामाचं. दोन कागद भरून घेतले. पैशाच्या कागदावर मी आईचं नाव टाकलंय. दुसरा कागद बातमीचा आहे. मला काही झालं तर पहिलं कोणाला कळवायचं, तो. त्यावर मी तनुजाकाकूचं नाव टाकलंय. तो सोबत पाठवतोय. काकूची सही आणि घरातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन परत पाठवा. आईला वाईट वाटंल, मला माहीत आहे. पण पप्पांचा हात मशीनमध्ये गेला तवा तुम्ही सगळ्यांनी मला दोन दिवस सांगितलं की पप्पा नगरला गेलेत. तिसऱ्या दिवशी काकू खाकी ड्रेसवरच शाळेत आली आणि म्हणाली, तुझ्या पप्पांची दोन बोटं गेली, जीव ठीक आहे, चल. तवापासून मी ठरवलंय. आईला कोणीतरी खरं सांगणारं पाहिजे. आपल्या घरात तशी काकू एकटीच आहे. आपला, प्रणय."

काकासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि वर गच्चीकडं पाहिलं. करुणाची पाठ दिसत होती.

आता या घराची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घरात वाईट बातमी कोणी सरळ सांगत नाही. माणूस गेला तरी 'जरा जास्त आहे' म्हणायचं. 'फोनवर नको, निघून या' म्हणायचं. आलेल्याला आधी बसवायचं, पाणी पाजायचं, मग कोणीतरी मोठं माणूस पाठीवरून हात फिरवणार, आणि तोवर ऐकणाऱ्याला सगळं कळून चुकलेलं असणार. खुद्द काकासाहेबांची बायको, सारजाबाई, घाटी दवाखान्यात वारली तेव्हा ते शेतावर होते. त्यांनाही 'ठीक आहे, जरा जास्त आहे' असंच सांगितलं होतं. पैठणपासून दवाखान्यापर्यंत ते बायकोसाठी डाळिंबं निवडून घेत आले. हे ते कधी विसरले नाहीत, आणि तरीही दुसऱ्याशी वागायची वेळ आली की तेच करायचे, कारण दुसरं त्यांना येतच नव्हतं.

इथं तर कोणी गेलंही नव्हतं. पण सुनेच्या मनाला लागणारी गोष्ट होती, म्हणजे काकासाहेबांच्या हिशेबी वाईट बातमीच. त्यांनी तीन फोन केले. मोठ्या मुलाला, इंद्रजीतला, कंपनीत. धाकट्या कृष्णाला, तनुजाच्या नवऱ्याला, गुलमंडीत, तो जिथं साड्या दाखवायच्या कामाला होता त्या दुकानात. आणि ढोरकीनला करुणाच्या भावाला, कारभारीला, कारण करुणा कोणाचं ऐकत असेल तर भावाचं.

"फोनवर नको," ते कारभारीला म्हणाले. "निघून या जरा."

*

इंद्रजीत पाळी अर्धी टाकून आला, त्याच्या मागोमाग कृष्णा आला. समोरच्या खोलीत टीव्ही बंद करून तिघं बसले. इंद्रजीतनं पत्र उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत धरून वाचलं. फायरिंगच्या ओळीपाशी त्याचा चेहरा खुलला आणि खाली येईतो उतरला.

"आईचं नाव टाळलं ते समजलं," तो म्हणाला. "माझंबी टाळलं."

कृष्णाला आधी मनातून बरं वाटलं होतं, बायकोचं नाव आलं म्हणून, पण भावाचं तोंड पाहून ते त्यानं आतल्या आत गिळलं आणि विनाकारण खुलासा करायला लागला की तनुजानं काही त्याला सुचवलेलं नाही, तिला तर हे ठाऊकही नाही. इंद्रजीत म्हणाला, मी कुठं तसं म्हणतोय. पण म्हणाला अशा आवाजात की कृष्णानं खुर्ची जरा मागं सरकवली.

मग तिघांनी मिळून ठरवलं. कागद पोस्टात गहाळ झाला असं प्रणयला कळवायचं आणि नव्या कागदावर आईचं नाव टाकायला सांगायचं. करुणाला सांगायचं नाही आणि तनुजालाही नाही. दोन्ही सुनांची मनं राखली जातील. काकासाहेबांना स्वतःच्या शहाणपणाचं जरा कौतुकही वाटलं.

"मग कारभारीला कशाला बोलावलं?" इंद्रजीतनं विचारलं.

"तवा हे सुचलं नव्हतं."

परत फिरा म्हणून सांगायला फोन लावला, तर कारभारी निघाला होता आणि फोन लागेना. येऊ दे, आलाच तर जेवून जाईल, असं म्हणून काकासाहेब स्वतः उठून चहा करायला गेले. इंद्रजीत मोटरपाशी जाऊन उभा राहिला. कृष्णाला काही काम सुचेना, तेव्हा वहिनीला जरा बरं वाटावं म्हणून तो गच्चीवर गेला आणि म्हणाला, वहिनी, पाइप द्या इकडं, तुम्ही सावलीला बसा.

लग्न होऊन या घरात आल्यापासून करुणानं या दिराला बादलीसुद्धा उचलताना पाहिलं नव्हतं.

*

तनुजाची गाडी पैठणहून सुटली तेव्हा निम्मी रिकामी होती. कंडक्टरच्या नोकरीत तिला बारा वर्षं झाली होती आणि या रस्त्यावरचे खड्डे तिला थांब्यांसारखे पाठ होते. ढोरकीनला दाराशी गर्दी झाली, त्यात जाऊबाईचा भाऊ दिसला, मागं त्याची बायको. तनुजानं हसून बसायला जागा दाखवली. कारभारी हसला नाही.

तिकीट देताना तिनं पाहिलं, दोघांच्या हातात काही नव्हतं. मे महिन्यात भाऊ बहिणीकडं निघालाय आणि पिशवीत चार आंबे नाहीत, हे कारभारीच्या बाबतीत घडणं शक्य नव्हतं. दरवर्षी केशरची पेटी याच बसच्या टपावरून यायची. बायकोनं तर पदर डोक्यावरून ओढून घेतला होता आणि खिडकीकडं तोंड केलं होतं.

"दादा, काय झालंय?"

"काय नाय. आबांचा फोन होता." तो खाली बघत राहिला. "फोनवर नको म्हणले. या म्हणले."

तनुजाच्या हातातलं तिकिटाचं मशीन तसंच राहिलं. मागून कोणीतरी बिडकीन दोन म्हणालं, तिनं बिडकीन दोन काढले. तिला या घरात येऊन एवढी वर्षं झाली होती, 'फोनवर नको'चा अर्थ तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरात सकाळी सगळे धडधाकट होते. बाहेर एकच होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला. कृष्णानं कापला. तनुजानं एकदा विचारलं की आपल्या तोंडून खरं निघतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं मेसेज पाठवला, घरी ये मग बोलू. त्यातून तिला जे समजायचं ते समजलं.

पुढचा सगळा रस्ता तिनं तिकिटं काढली. बायकांची अर्धी, म्हाताऱ्यांची फुकट. एकाला चितेगावच्या ऐवजी नक्षत्रवाडीचं दिलं, तो भांडला, तिनं बदलून दिलं. सहावीतला प्रणय, पुढच्या सीटवर बसून घंटीची दोरी ओढायचा हट्ट करणारा, तिला दिसत होता. पण गाडीत बावन्न माणसं होती आणि प्रत्येकाला कुठंतरी उतरायचं होतं. स्टँडवर उतरल्यावर तिनं परतीची फेरी दुसऱ्या बाईला घ्यायला लावली आणि कारभारी नवरा-बायकोला घेऊन रिक्षात बसली.

*

करुणानं काही विचारलं नव्हतं. दिरानं हातातला पाइप घेतला, खाली नवऱ्याची मोटरसायकल अवेळी वाजली, टीव्हीचा आवाज बंद झाला. मग गुडघे धरत धरत सासरे जिना चढून आले आणि त्यांनी स्वतः केलेला चहा तिच्या हातात दिला. म्हणाले, बस पोरी, दमली असशील.

ती बसली. चहावर साय धरली. ओठांवर आलेला प्रश्न तिनं पुन्हा पुन्हा परतवला, कारण विचारलं नाही तोवर पोरगं जिवंत होतं. जवळच्या विमानतळावर एक विमान उतरलं, तिनं मान वर करून पाहिलंही नाही. प्रणय लहान असताना प्रत्येक विमानाला दोघं हात करायची.

रिक्षा फाटकाशी थांबली. आधी तनुजा उतरली, मग भाऊ, मग पदर घेतलेली भावजय. तिघांचे हात रिकामे.

करुणा जिना उतरून खाली आली. कुठलीच पायरी तिला पायाखाली जाणवली नाही. दारात उभ्या सगळ्यांकडं तिनं आळीपाळीनं पाहिलं आणि नवऱ्यापाशी नजर थांबवली.

"कवा झालं?"

इंद्रजीतला समजेचना. कारभारीनं तोंडाला रुमाल लावला. काकासाहेब पुढं झाले आणि म्हणाले, "आधी सगळे बसा बघू."

"बसायचं नाही," तनुजा म्हणाली. "आबा, प्रणय कसाय?"

"ठीक आहे गं. ठीक आहे. त्याचं पत्र आलंय नुसतं."

"सासूबाईपण ठीकच होत्या," करुणा म्हणाली. "तुम्हालाबी तसंच सांगितलं व्हतं."

आपण सकाळपासून काय करून बसलोय ते काकासाहेबांना तेव्हा कळलं. कारभारीच्या हातात पिशवी का नाही, तेही कळलं. त्यांनी खिशाकडं हात नेला. तोवर तनुजानंच पुढं होऊन पत्र काढलं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. स्वतःच्या नावापाशी ती थांबली, मग शेवटपर्यंत गेली. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, पाणी भिंतीवरून रस्त्यावर पडत होतं आणि ज्या माणसानं सकाळपासून थेंबाथेंबाचा पहारा केला तो वर बघतही नव्हता.

"ताई," तनुजा म्हणाली. "प्रणय जित्ता आहे, धडधाकट आहे. हे त्याचं अक्षर, ही तारीख. दहा दिवसांपूर्वीचं आहे. त्यानंतर काही झालं असतं तर कागद आला नसता, माणूस आला असता. आता मी सगळं वाचते. मधी एक गोष्ट तुमच्या मनाला लागंल. तीपण वाचते."

तिनं वाचलं. कुठं आवाज बारीक केला नाही, कुठं ओळ गाळली नाही. स्वतःचं नावही त्याच आवाजात वाचलं. साबणाच्या डबीपाशी करुणानं डोळे मिटले, ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

कारभारी ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागला. त्याची बायको पदर मागं टाकून काकासाहेबांवर चिडली, अहो आबा, आम्ही गावात चार जणांना सांगून आलो, आता गाव इथं निघंल. कारभारी रडता रडता फोन शोधायला लागला.

करुणा सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी मान वर करून बोलली नव्हती.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तास तुम्ही माझं पोरगं मारून ठेवलं."

काकासाहेब खाली बसले. त्यांना लाज वाटली, आणि कित्येक वर्षांपूर्वीची ती डाळिंबांची पिशवी हातात असल्यासारखी बोटं त्यांनी मिटून घेतली.

*

जेवायला कोणाला भूक नव्हती तरी भाकरी झाल्या. नळ गेला होता. जेवणानंतर तो कागद सतरंजीवर सगळ्यांच्या मधे आला. हिंदीत छापलेला होता, वर प्रणयनं नीट अक्षरात तनुजाचं नाव, पत्ता, मोबाइल भरला होता.

इंद्रजीतनं सकाळी ठरलेला बेत, त्यातलं खोटं वगळून, सांगितला. नवा कागद मागवू, आईचं नाव टाकू. कृष्णा लगेच व्हय म्हणाला. कारभारीही म्हणाला की आईचा मान आईला पाहिजे. तिघंही पुरुष एका बाजूला आले, आणि करुणानंही मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच लिही म्हणावं. मी काय मेले नाही."

मग तनुजाकडं वळून तिनं विचारलं, "तू सांगितलं व्हतं का त्याला?"

"नाही. पण विचारलं असतं तर नको म्हणले असते. मला हौस नाही ताई. बदला."

"हौस नाही म्हणजे?"

"ढोरकीनपासून स्टँडपर्यंत माझ्यापुरतं पोरगं गेलेलं होतं," तनुजा म्हणाली. "ते मला पुन्हा नको."

हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण गच्चीवर होतो तेव्हा ही बसमध्ये होती, हे करुणाला आत्ता दिसलं.

"काय केलं तू तवा?"

"तिकिटं काढली."

"रडली नाही?"

"पॅसेंजर होते."

करुणा सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसली. तिला राग आला होता आणि तो गेला नव्हता. नऊ महिने पोटात वाढवलेलं पोरगं दुसऱ्या बाईचं नाव लिहितं, हे कोणी कसंही समजावलं तरी टोचणारच होतं. पण सकाळपासून घरातले तीन पुरुष तिच्याभोवती फिरले, पाइप धरला, चहा दिला, बस म्हणाले, आणि त्यातल्या एकानंही पत्रातली चार अक्षरं तोंडातून काढली नाहीत. तेही टोचत होतं, आणि जास्त.

"तुला कळलं, तर मला कसं सांगशील?" तिनं विचारलं.

कृष्णा म्हणाला, वहिनी, असं अभद्र कशाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"सरळ सांगीन," तनुजा म्हणाली.

"बस म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"दादाला आधी बोलवायचं नाही. यांना नाही, आबांना नाही. मला पहिलं."

"तुम्हाला पहिलं."

"आणि सांगून झाल्यावर जायचं नाही. ड्युटी असली तरी."

"नाही जाणार, ताई."

करुणानं कागद ओढून घेतला. साक्षीदाराच्या पहिल्या ओळीवर तिनं नवऱ्याला सही करायला लावली. तीन बोटांत पेन धरून इंद्रजीतनं ती सावकाश केली आणि पेन परत देताना म्हणाला, फायरिंगचं वाचलं ना तू, नंबर चांगला आलाय. ती म्हणाली, ऐकलं मी. दुसऱ्या ओळीवर तिनं आपलं नाव लिहिलं. पुढं एक बारका रकाना होता, साक्षीदाराचं जवानाशी नातं. त्यात तिनं लिहिलं, आई. जागा कमी होती तरी अक्षर मोठं आलं, रेघेच्या बाहेर गेलं.

मग तिनं कागद तनुजापुढं ठेवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

तनुजानं पेन घेतलं. नोकरीत दिवसाला किती सह्या ठोकायची ती, पण तिचा हात कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. ढोरकीनपासून कोरडे असलेले डोळे आत्ता भरून आले आणि तिला रकाना दिसेनासा झाला. तिनं मान वर केली नाही.

करुणा सरकून तिच्या शेजारी आली. खाकी बाहीखालचं मनगट तिनं हातात धरलं आणि कागदावर नीट ठेवलं.

"कर," ती म्हणाली. "मी बसलेय इथं."